मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी



बारावीची परीक्षा आटोपली की काही घरांत हमखास एक विषय निघतो. मुलगी सांगते, 'बर्गरच्या दुकानात मुलाखतीला बोलावलंय.' आणि घरातलं कुणीतरी पटकन म्हणून जातं, 'अगं, तिथे कसली आलीय मुलाखत? ट्रे तर उचलायचेत!'

हे बोलणं मला फार खटकतं. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली ती याच महाराष्ट्रात. कमवा आणि शिका, हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही, मुलांकडून करवून घेतलं. अंगमेहनत करून शिकलेल्या त्या मुलांची नातवंडं-पतवंडं आज आपल्या घरात आहेत. त्यातल्या एखादीने स्वतःची फी स्वतः भरायची ठरवली, तर तिची तयारी घरानेही मनावर घ्यायला हवी.

तयारी म्हणजे पाठ केलेली उत्तरं नव्हेत. आदल्या दिवशी संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, त्या दुकानात जाऊन एका कोपऱ्यात थोडा वेळ बसावं आणि नुसतं पाहावं. काउंटरवरची मुलगी ऑर्डर घेतल्यावर ती मोठ्याने परत म्हणून दाखवते. व्हेज की नॉनव्हेज, हे पुन्हा एकदा विचारून घेते. मागे टायमर वाजतो, मुलगा तळणीतून जाळी वर काढतो, तेल निथळू देतो, मगच बटाट्याच्या फ्राइजवर मीठ भुरभुरतो. कुणी काही सांडलं की पुसायला लगेच कुणीतरी धावतं. एवढं डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीला 'इथे काम काय असतं, माहीत आहे का?' या प्रश्नाची भीती उरत नाही. घरात मांसाहार होत नसेल, तर चिकन हाताळायची तयारी आहे का, हेही आधीच ठरवून ठेवावं आणि तिथे तसं स्पष्ट सांगावं.

मुलाखतीला जाताना नखं कापलेली, केस बांधलेले, हातात अंगठ्या-बांगड्या नाहीत. हे नटण्यामुरडण्यातलं नाही, यामागे कायदा आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांत अन्न हाताळणाऱ्यांच्या स्वच्छतेचं आणि आरोग्याचं बारकाईने सांगितलेलं आहे. म्हणून मुलाखतीत एक प्रश्न येऊ शकतो: 'सकाळपासून जुलाब होतायत आणि दुपारची शिफ्ट आहे. काय करशील?' मुलांना वाटतं, 'तरीही येईन' म्हटलं की निष्ठा दिसेल. इथे मात्र ते चुकीचं उत्तर आहे. आजारी माणसाचा हात अन्नाला लागला तर कितीतरी अनोळखी माणसं, लहान मुलं आजारी पडतील. लगेच मॅनेजरला कळवेन, बरी होईपर्यंत अन्नाला हात लावणार नाही, हे खरं उत्तर. आणि ते नुसतं मुलाखतीपुरतं नको.

'अनुभव आहे का?' असं विचारलं की मुलं मान खाली घालतात. का बरं? गणेशोत्सवात महाप्रसादाच्या पंगतीत वाढलं असेल ना? शेवटच्या माणसाच्या पानापर्यंत भात पोहोचतो की नाही, यावर नजर ठेवली असेल, कुणी चिडलं तर 'काका, आणते हं लगेच' म्हटलं असेल. ते सांगावं, कारण तिथलं निम्मं काम तेच आहे. 'इथेच का यायचंय?' याला 'कॉलेजची फी भरायची आहे आणि काम शिकायचं आहे' एवढं सरळ उत्तर पुरेसं आहे. त्यात कमीपणा कसला?

आणि आईबाबांनो, मुलीला विचारायलाही शिकवा. पगार किती, कोणत्या तारखेला? साप्ताहिक सुट्टी कधी? परीक्षेच्या काळात शिफ्ट बदलून मिळेल का? आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात, स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामाला ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था लागते, हे तिला ठाऊक असू द्या. कुणी अनामत म्हणून किंवा गणवेशासाठी म्हणून आधीच पैसे मागितले, तर तिने एक रुपयाही न देता सरळ उठून घरी यावं, आणि तुम्ही तिला 'बरं केलंस' म्हणावं.