मारणाऱ्याचा हात कुठपर्यंत पोचतो?

अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या युपिक लोकांत एक जुनी रीत आहे. शिकार करून आणलेल्या सीलच्या तोंडात गोड्या पाण्याचे थेंब सोडायचे. जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेला जीव तहानलेला असणार, आणि दारी आलेल्या पाहुण्याला तहानलेले ठेवू नये, ही त्यामागची भावना. मरणाऱ्याच्या मुखात गंगाजळ घालणाऱ्या मराठी माणसाला ती परकी वाटणार नाही. फरक एवढाच की युपिकांकडे प्राण घेणारे आणि पाणी पाजणारे एकाच घरचे असतात.

याच लोकांचा ‘नाकाचिउक’ हा हिवाळी उत्सव होता. वर्षभरात मारलेल्या सीलांची मूत्राशये फुगवून पुरुषांच्या सामुदायिक घरात टांगत, त्यांच्यापुढे नाचत, गात, त्यांना अन्न अर्पण करत आणि शेवटी बर्फाला पाडलेल्या भोकातून ती समुद्राला परत करत. सीलचा आत्मा मूत्राशयात वस्तीला असतो, मान मिळाला तर तो नवे शरीर घेऊन पुन्हा येतो, अशी श्रद्धा. शिकारी सीलला पकडत नाही, सील स्वतःला त्याच्या हवाली करतो.

हत्येवर घातलेले हे गोड पांघरूण आहे, असे वाचकाला वाटू शकेल. पण या श्रद्धेच्या अटी कडक आहेत. मांस वाया घालवायचे नाही, बढाई मारायची नाही, जिवाशी खेळायचे नाही. शहरी हौशी मासेमार गळाला लागलेला मासा दयेपोटी पुन्हा पाण्यात सोडतात, तर युपिक वडीलधाऱ्यांना त्यात दया दिसत नाही. आलेल्या अन्नाशी केलेला तो खेळ त्यांना अपमान वाटतो. जखमी होऊन निसटलेले जनावर तर त्याहून वाईट. सील बर्फाखाली बुडी मारतो आणि हाती लागत नाही. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याला नीट घेता आले नाही.

शतकाहून अधिक काळ हे घेणे बंदुकीने चालले आहे, आणि बंदूक नेमकी ठेवावी लागते. स्लेजवर किंवा होडीत आदळून दुर्बीण हलली की चार गोळ्या झाडून निशाणा पुन्हा जुळवायचा. पोराला शिकवायचे तर आणखी गोळ्या. काडतुसे महाग असली की या सरावाच्या गोळ्याच आधी वाचवल्या जातात, आणि त्या काटकसरीची किंमत जनावर मोजते. म्हणून काही शिकारी झाडलेल्या काडतुसाचे पितळी कवच जपून ठेवतात आणि घरी पुन्हा भरतात. ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी दाबायची. कोकणात ठासणीची बंदूक पाहिलेल्याला टोपी म्हणजे काय ते सांगायला नको. कॅरिबू या हरणासाठीच्या एका काडतुसाला 40 ग्रेन दारू धरली, तर 7000 ग्रेनच्या म्हणजे एका पौंडाच्या डब्यात 175 काडतुसे होतात.

हा एक पौंड गावात आणायचा कसा? अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या बहुतेक गावांना बाहेरचा रस्ताच नाही. बेथेल हे कस्कोक्विम नदीवरचे मोठे ठाणे, पण तिथेही विमानाने किंवा उन्हाळ्यात बार्जनेच जावे लागते. किराणा, बाळांचे लंगोट, शीतपेये टपाल खात्याच्या सवलतीच्या दराने विमानातून येतात. दारू, टोप्या आणि तयार काडतुसे मात्र टपालाला वर्ज्य. खासगी कुरिअर धोकादायक मालाचा वेगळा आकार लावतात आणि असा माल मुख्यतः रस्त्याने नेतात, तोही रस्ता असेल तिथवर. प्रवाशाला तयार काडतुसे सामानात टाकून 5 किलोपर्यंत नेता येतात, सुटी दारू आणि टोप्या अजिबात नाही. हे उफराटे वाटते, पण कारण सरळ आहे. भरलेल्या काडतुसात दारू चिमूटचिमूट विभागलेली असते. सुट्या टोप्यांच्या ढिगात एक पेटली तर शेजारच्याही पेटू शकतात.

या नियमांना नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. 11 मे 1996 रोजी फ्लोरिडात व्हॅल्यूजेटचे विमान दलदलीत कोसळले आणि 110 माणसे गेली. मालाच्या कप्प्यात सुरक्षा टोपणे न लावलेले प्राणवायूचे रासायनिक संच ठेवले होते, आग त्यांनी लागली. कप्प्यात काय आहे याची विचारणा करणारा कारकूनही जिवांचेच रक्षण करतो. खंत वेगळी आहे. मालाच्या कोष्टकात शहरातल्या नेमबाजाचा छंद आणि गावातल्या चुलीची गरज एकाच रकान्यात पडतात.

महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेत मांस विकतो, स्वतः मारत नाही, आणि त्याच्याकडे आलेल्या कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगराखालीही असंख्य जीव मरतात. हिंसेपासून कुणी पुरता सुटलेला नाही, हे त्याचे उत्तर. युपिक उत्तर त्याच्या पुढच्या प्रश्नाला आहे. सुटका नाही, तर मग वागायचे कसे? आणि हे वागणे एकट्या शिकाऱ्याचे का मानावे? चाप एकच बोट ओढते, पण नेम बिघडू देणारी टंचाई गोदामापासून धावपट्टीपर्यंत अनेक हातांनी घडते.

उत्तरेकडच्या इन्युपियाट लोकांनी याचा हिशेब जाहीरपणे मांडला. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने 1977 साली त्यांची बोहेड देवमाशाची शिकार थांबवली, तेव्हा त्यांनी स्वतःचा आयोग स्थापला. 1978चा कोटा ठरला तो 12 देवमासे किनाऱ्याला आणण्याचा किंवा 18 वार करण्याचा. निसटलेल्या जखमी देवमाशाचीही नोंद खात्यात होऊ लागली. मग शस्त्रे सुधारली, प्रशिक्षण आले. पूर्वी वार झालेल्यांपैकी साधारण निम्मे हातचे जात, अलीकडे चारांतले तीन हाती लागतात. देवमासाही सीलसारखा स्वतःला देतो, असेच हे लोक मानतात, आणि तो कुणाला देतो हे घेणाऱ्याच्या वागण्यावर ठरते.

2007 साली बॅरोजवळ, म्हणजे आजच्या उत्किआग्विकजवळ, मारलेल्या एका बोहेडच्या खांद्याजवळ हाडात रुतलेला धातूचा तुकडा सापडला. तो मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला बनलेल्या स्फोटक भाल्याचा होता, पेटंट 1879 सालचे. वार 1890च्या सुमाराचा असावा, असा अभ्यासकांचा अंदाज. अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरून जहाजाने आलेली ती दारू फुटली, देवमासा निसटला, आणि भाल्याचा तुकडा अंगात घेऊन शतकाहून अधिक वर्षे त्याच बर्फाखालून ये-जा करत राहिला.