हरतालिकेला काय नेसू? (गीता, अध्याय १७)



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ५, ६ आणि १४.

हरतालिका चार दिवसांवर आली आहे. आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर या आठवड्यात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती साडीची. एकीने विचारलं, "दिवसभर निर्जळी, रात्री जागरण, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून गणपतीची गडबड. पारंपरिक तर दिसायला हवं, पण अंगाला झेपेल असं काय नेसू?" त्यावर लगेच दुसरीचा मेसेज आला, "आरामच हवा असेल तर उपवास तरी कशाला करायचा?"

सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही, कारण त्या चेष्टेत एक खरा प्रश्न आहे. उपवास म्हणजे देहाला त्रास देणं असेल, तर त्रास जितका जास्त तितकं पुण्य जास्त, असा सरळ हिशोब व्हायला हवा. मग जड साडी, काचणारा ब्लाऊज, पाठीवरून वाहणारा घाम हे सगळं व्रताच्या खात्यात जमा. आणि हा हिशोब चुकीचा असेल, तर उपवासात आपण नेमकं करतो तरी काय?

सतराव्या अध्यायात भगवंत श्रद्धा, आहार, यज्ञ, तप आणि दान यांचे सात्त्विक, राजस आणि तामस प्रकार सांगतात. पण श्रद्धेचे प्रकार सांगून झाल्यावर, आहार, यज्ञ, तप आणि दान यांच्या वर्गवारीत शिरण्याआधीच, पाचव्या आणि सहाव्या श्लोकात ते एक इशारा देऊन ठेवतात. जे लोक दंभाने आणि अहंकाराने, शास्त्राने न सांगितलेलं घोर तप करतात, ते देहातल्या पंचमहाभूतांना पीडा देतात, आणि त्याच देहात राहणाऱ्या मलाही पीडा देतात, असं ते म्हणतात. अशा लोकांच्या निश्चयाला त्यांनी सरळ 'आसुरी' म्हटलं आहे.

हे वाचून मी थांबलेच. आपण समजतो की देहाला त्रास दिला की देव प्रसन्न होतो. इथे देव सांगतो आहे की त्या देहात मीही राहतो, जरा जपून.

पुढे चौदाव्या श्लोकात शारीरिक तपाची व्याख्या येते. देव, द्विज, गुरू आणि ज्ञानी यांची पूजा, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा. यादी पुन्हा वाचा. शरीराच्या तपात भुकेचं नावही नाही! स्वच्छता आहे, अहिंसा आहे. माझं वाचन असं की ही अहिंसा स्वतःच्या देहापाशी येऊन थांबत नाही, तोही तिच्यात येतो.

मग उपवास कशासाठी? मला तो माझ्या कामाच्या भाषेत पटकन समजतो. कोडमध्ये बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. चार गोष्टी एकदम बदलल्या तर नक्की कशामुळे काय झालं ते कळत नाही. व्रतातही आपण ठरवून एक गोष्ट सोडतो, अन्न किंवा पाणी, आणि मग मन काय करतं ते बघतो. चिडतं का, कुरकुरतं का, की हळूहळू शांत होऊन नामाकडे वळतं? हे बघायला लक्ष मोकळं लागतं. दुपारी तीन वाजता सगळं लक्ष कमरेत रुतलेल्या परकराच्या नाडीकडे असेल, तर भूक काय शिकवते आहे ते ऐकणार कोण? नाडीचा संकल्प आपण सोडलेलाच नव्हता.

आता हरतालिकेच्या कथेकडे येऊ. नारदांच्या सांगण्यावरून हिमालयाने पार्वतीचं लग्न विष्णूशी ठरवलं. तिच्या मनात शंकर होते. तेव्हा तिच्या सखीने तिला वनात नेलं. तिथे तिने वाळूचं शिवलिंग करून पूजा केली. सखीने हरण करून नेलं, म्हणून हे हरतालिकेचं व्रत. आजही आपण वाळूची किंवा मातीची पिंडी करतो, पार्वतीसोबत सखीचीही मूर्ती मांडतो आणि पत्री वाहतो.

याच तपाचं वर्णन कालिदासाने 'कुमारसंभव'च्या पाचव्या सर्गात केलं आहे, आणि त्यात कपड्यांचा विषय चक्क महत्त्वाचा आहे! तपाला बसताना राजकन्या गळ्यातला हार उतरवते आणि वल्कल नेसते. कमरेला मुंज गवताची मेखला बांधते, आणि ती मेखला तिच्या नाजूक कमरेला रुतून लाल वळ उठवते, हेही कवी लपवत नाही.

म्हणजे ग्रुपवरची ती मैत्रीण म्हणू शकते, "बघ, पार्वतीलाही काचतच होतं की!" मुद्दा बरोबर आहे. पण दोन गोष्टी बघा. एक, ती मेखला तिने स्वतः निवडली होती. तिला ती कुणी नेसवली नव्हती, आणि नाही बांधली तर लोक काय म्हणतील या भीतीने तिने ती बांधली नव्हती. दोन, याच सर्गात शंकर ब्रह्मचाऱ्याचं रूप घेऊन तिच्यासमोर येतात आणि सुरुवातीलाच काय विचारतात? तुझ्या शक्तीला झेपेल एवढंच तप करते आहेस ना? कारण धर्माचं पहिलं साधन शरीर आहे. जिच्यासारखं तप आपल्याला करायचं असतं, तिला खुद्द शंकरांनी हे विचारलं आहे!

त्यामुळे 'झेपेल असं काय नेसू' हा प्रश्न मला भक्तीतली पळवाट वाटत नाही. तो व्रताच्या आतलाच प्रश्न आहे.

थोडं व्यवहाराचं बोलू. भाद्रपदात हवा दमट असते. सिंथेटिक कापडात घाम टिपला जात नाही, वाळत नाही, अंग तापलेलं राहतं आणि घाम येतच राहतो. ज्या दिवशी पाणी प्यायचं नाही, त्या दिवशी अंगातलं पाणी असं वाया घालवणं शहाणपणाचं नाही. सुती कापड घाम टिपतं आणि अंगाला हवा लागू देतं. सुती इरकल, सुती नारायणपेठ, खणाचा थोडा सैल ब्लाऊज, परकराची नाडी दोन बोटं जातील एवढी ढिली. सवय असेल तर नऊवारी उत्तम, कारण कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात, म्हणूनच आपल्या आज्या-पणज्या ती नेसून शेतात राबल्या. सवय नसेल तर आठ मीटर कापड सांभाळण्यातच दिवस जाईल, मग साधी सहावारी बरी. ज्यांना साडीच झेपत नाही त्यांनी स्वच्छ सुती सलवार-कुडता घालावा. मुलग्यांनो, एकादशीला आणि महाशिवरात्रीला तुम्हालाही हेच लागू आहे. सिल्कच्या कुडत्यापेक्षा सुती सदरा बरा.

यात परंपरा कुठे कमी होते? घरातल्या जुन्या माणसांना विचारा, पूजेला काय नेसायचे. रेशमी सोवळं होतंच, पण ते नसेल तर 'धुवट', म्हणजे धुऊन वेगळं वाळत घातलेलं साधं सुती वस्त्रही चालत असे. मोजमाप स्वच्छतेचं होतं, किमतीचं नव्हतं. आळंदीहून पंढरपूरला चालत जाणारा वारकरी बघा. पांढरा सदरा, धोतर, टोपी, आणि माउलींच्या अंगावर नऊवारी. ते कपडे मैलोन्मैल चालण्यासाठीचे आहेत, आणि त्यांच्यापेक्षा पारंपरिक तुम्ही कुणाला म्हणाल?

पण याचा अर्थ नटणं म्हणजे दिखावा, असं मला अजिबात म्हणायचं नाही. षोडशोपचारांमध्ये आपण देवाला वस्त्र अर्पण करतो. देवाला सजवणारी परंपरा भक्ताच्या सजण्यावर कशी रागावेल? तप करताना वल्कल नेसलेली पार्वती पुढे लग्नात नववधूच्या पूर्ण साजात उभी राहते, तेही त्याच काव्यात. ज्या वेळेचं जे काम, त्या वेळेचं ते वस्त्र. फक्त स्वतःला एकदा विचारावं, की आज फोटो काढायचा नाही असं ठरलं, तर मी हेच नेसेन का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल पैठणी नेसा.

माझ्या मामेबहिणीची गेल्या वर्षी पहिली हरतालिका होती. सासरी ठरलं होतं की तिने लग्नातला शालू नेसायचा, सकाळच्या पूजेपासून रात्रीच्या जागरणापर्यंत. तिला उपवास मनापासून करायचा होता, पण तो शालू दिवसभर नकोसा वाटत होता. नवीन घर, बोलणार कशी? शेवटी तिच्या मोठ्या जावेने हसत हसत सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही पहिल्या हरतालिकेला काय नेसला होतात?" त्या म्हणाल्या, "शालूच की गं. जीव नुसता गुदमरला होता." आणि बोलता बोलता त्या स्वतःच थांबल्या. पूजेपुरता तास-दीड तास शालू, नंतर सुती साडी, असं ठरलं. रात्री जागरणाला सगळ्यात जास्त वेळ हीच गात बसली होती.

हा प्रसंग छान संपला, तरी मला त्यातली एक गोष्ट टोचते. व्रत तिचं, देह तिचा, तहान तिची, आणि साडी मात्र परवानगीने. स्वतः स्वीकारलेला त्रास तप होऊ शकतो. दुसऱ्यावर घातलेला त्रास, मग तो कितीही कौतुकाने घातलेला असो, तप होत नाही. तो चौदाव्या श्लोकातल्या अहिंसेच्या विरुद्ध जातो. आणि हे व्रत तर अशा मुलीचं आहे, जिने आपल्यासाठी दुसऱ्यांनी ठरवलेली गोष्ट नाकारली आणि स्वतःची निवड तपाने सिद्ध केली. तिच्याच दिवशी एखादीला तिच्या मनाविरुद्ध काही नेसवावं, यासारखी विसंगती नाही.

म्हणून मला त्या कथेतली सखी फार मोठी वाटते. तिने स्वतः तप केलं असं कथा सांगत नाही. तिने मैत्रिणीची घुसमट ओळखली आणि तिला तप करायला मोकळी जागा मिळवून दिली. व्रताला नाव मिळालं ते तिच्या या कृतीचं. मामेबहिणीची ती जाऊ मला तशीच वाटते.

आजचा संकल्प:

१. हरतालिकेला काय नेसायचं ते ठरवताना एकच कसोटी लावा. हे नेसल्यावर मला कपड्यांचा विसर पडेल का?

२. गरोदर असाल किंवा औषधं चालू असतील, तर निर्जळीचा हट्ट नको. डॉक्टरांना विचारा, आणि फराळ किंवा पाणी घेऊन केलेला उपवास कमी प्रतीचा मानू नका. सहावा श्लोक आठवा.

३. घरात, सोसायटीत, ऑफिसमध्ये त्या दिवशी उपवास करणारी एक तरी बाई शोधा. नवी सून असेल, किंवा उपाशीपोटी चार घरची कामं करणाऱ्या मावशी असतील. "तुला काही त्रास होत नाही ना?" एवढं विचारा आणि तिचं काम थोडं हलकं करा. पार्वतीशेजारी सखीची मूर्ती मांडताना तिची आठवण ठेवा.

उद्या याच अध्यायातले वाणीच्या आणि मनाच्या तपाचे श्लोक वाचू.

राम कृष्ण हरी! 🙏