तहान कोणाची?

माउली, सेवा म्हणजे काय, हे कीर्तनात ऐकताना सोपे वाटते. घरी कुंडीपुढे तांब्या घेऊन उभे राहिलो की ते अवघड होते.

भाईंदरहून उत्तनकडे जाताना मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागतात. मुर्ध्याच्या अंगणात तुळशीवृंदावन आलेच. आता खिडक्यांतून जेड आणि अडेनियमही दिसतात, चिमुकल्या झाडासारखी. जेड मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. ते पानांत पाणी साठवते. अडेनियम आफ्रिका-अरबस्तानच्या कोरड्या मुलखातले. ते फुगीर बुंध्यात साठवते. आपल्या कुंपणाचा शेरही त्याच स्वभावाचा. रखरखीत दिवसा जेड पानांची रंध्रे मिटून घेते आणि हवा आत घेण्याचे काम रात्री करते, म्हणजे ओल उडून जात नाही.

आपण काय करतो? सकाळी तुळशीला पाणी घातले, तांब्यात घोटभर उरले, ते जेडला. रोज, आणि प्रेमानेच. मुळे कुजतात, पाने पिवळी, मऊ होऊन गळतात. ते पाहून आपल्याला वाटते की पाणी कमी पडले. आपण आणखी ओततो. कोरड्या मुलखात तगणारे झाड मायेने मरते.

मला विचाराल तर तहान झाडाला नव्हतीच. काहीतरी केल्याचे समाधान आपल्याला हवे होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे पोट भरलेले असते, तरी आपण आग्रहाने अर्धी भाकरी वाढतो. त्यांना घटकाभर कुणी जवळ बसायला हवे असते. भाकरी वाढणे त्यापेक्षा सोपे, नाही का?

मग सेवाच सोडावी का? तसे नव्हे. सावता महाराज अरणच्या मळ्यात राबले आणि विठ्ठल तिथेच त्यांना भेटला, असे आपली परंपरा मानते. मळ्यात राबणाऱ्याला वाफ्यात पाणी सोडता यावे लागते, तसे वाफा भरला की ते अडवताही यावे लागते. तो सारखा बघत असतो.

तुम्हीही बघा. बोट दोन पेरे मातीत घाला. कोरडे लागले तरच पाणी द्या. जेडची पाने सुरकुतली तर ते खरेच तहानले असेल, पण तेव्हाही आधी मातीला विचारा. कुंडीला भोक हवे, मातीत जाड रेती आणि विटेचा चुरा हवा. उत्तनच्या किनाऱ्यावरची वाळू जवळ आहे म्हणून आणू नका, ती खारी असते. शेर किंवा अडेनियम छाटताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, तो विषारी असतो. आपल्याकडच्या पावसात कुंडी पागोळ्यांखाली राहिली तर तांब्याचीही गरज उरत नाही.

आषाढीला निघताना तुळशीची सोय शेजारणीकडे लावून जा. जेड आडोशाला, उजेडात ठेवा आणि तिला सांगा की याला पाणी घालू नका. ती दोनदा विचारेल, “थोडंसुद्धा नको?”