राखण दुसऱ्याच्या रानाची

पाडवा आला की बीड जिल्ह्यात शेताचं साल पालटतं. सालगडी याच दिवशी ठरतो, बटईची बोलणी याच सुमारास होतात, कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं याच आगेमागे गावाकडं परततात. नांगरट कधी करायची, बांध कधी साफ करायचा, विहिरीतला गाळ यंदा काढायचा की नाही, सगळं बोलून घेतलं जातं. या बोलण्यात एका पक्षाला मात्र कुणी विचारत नाही. याच दिवसांत टिटवी उघड्या ढेकळांत अंडी घालते, तित्तर बांधाच्या गवतात जागा शोधतं आणि पाणवठे आटले की काळवीट, खोकड, मोर वस्तीकडं सरकू लागतात.

बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. त्यात जंगलाचा वाटा तीन टक्क्यांच्याही आत. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. ते १९९४ साली जाहीर झालं, विस्तार जेमतेम तीस चौरस किलोमीटर. मोराला त्याची हद्द ठाऊक नाही. सकाळी तो अभयारण्यात असतो आणि उन्हं वर येईस्तोवर कुणाच्या तरी भुईमुगात उतरतो. या जिल्ह्यातल्या बहुतेक रानजिवांचा पत्ता असा कुणा ना कुणाच्या सातबाऱ्यावर आहे. त्यांच्यासाठी जागा राखली पाहिजे, यावर आपलं सगळ्यांचं चटकन एकमत होतं. कुणाची जागा आणि कुणाच्या खर्चानं, हे विचारलं की बैठक पांगते.

महिपतीबुवांच्या संतचरित्रांतून घरोघरी पोहोचलेली तुकोबांची एक कथा आहे. एका शेतकऱ्यानं त्यांना आपल्या पिकाच्या राखणीला बसवलं. पाखरांचे थवे आले, पण तुकोबांच्यानं त्यांना हाकलवेना. मालक परतला तेव्हा कणसं रिकामी. प्रकरण पंचांपुढं गेलं आणि तुकोबांकडून भरपाईचा कागद लिहून घेतला गेला. पुढं त्या शेतात भरघोस पीक निघालं, असं कथा सांगते. कीर्तनात रंगतो तो हा चमत्कार. मला मात्र मधला कागद मोलाचा वाटतो. पाखरं जेवली ती दुसऱ्याच्या रानात. दया तुकोबांची होती, दाणे शेतकऱ्याचे होते. पंचांनी दयेला चूक म्हटलं नाही. तिची किंमत कुणाच्या नावावर पडेल एवढंच ठरवलं. आणि तुकोबांनीही अंग काढून घेतलं नाही.

तो कागद लिहून न देता दया केली की काय होतं, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. माळढोक वाचवण्यासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. कागदावरचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर, आणि त्यातली बरीचशी जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची. जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून नव्या कामांपर्यंत जागोजागी अडचणी उभ्या राहिल्या. ज्या पक्ष्यानं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, तो लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला. अखेर हद्द कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावी लागली. तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. त्याच्या जाण्याला इतरही कारणं आहेत: माळरानं नांगरली गेली, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. पण ज्याच्या रानात पाहुणा ठेवायचा त्याला न विचारता आवतण दिलं, ही नैतिक चूक त्या नकाशातच होती.

मग शेतकऱ्यानं काहीच करू नये का? तसं नाही. सगळ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत. काही ठिकाणी फक्त हात आवरावा लागतो. बांधाचंच बघा. भावाभावांत कोर्टकचेरी होते ती बांध कोरण्यावरून. दर नांगरटीला वीतभर बांध रानात जातो आणि उरलेला होळीनंतर पेटवला जातो किंवा तणनाशकानं जाळला जातो. बोर, हिवर, बाभळीची रोपं त्यात करपतात. तित्तराचं, सशाचं घर जातं. उंदरांवर टपलेली धामण आणि मुंगूसही तिथून उठतात. बांध पेटवायचाच नाही, कोरायचा नाही, गाजरगवत तेवढं हातानं उपटायचं, एवढं ठरवलं तरी पावसाळ्यापर्यंत त्याचं वेगळंच रूप दिसतं. मोकळ्या जागी सीताफळ लावलं तर शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही आणि फळ माणसालाही मिळतं, पाखरालाही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बालाघाटच्या डोंगरांत ते आपलं आपण वाढत आलं आहे.

टिटवीची अंडी चार. टोकं आत, जाड बाजू बाहेर, अशी एका उथळ खळगीत मांडलेली, मातीच्याच रंगाची. ट्रॅक्टरवरून ती दिसत नाहीत, पण टिटवी दिसते. ती चाकासमोर येऊन पंख पसरते, ओरडून रान डोक्यावर घेते. अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, असं म्हणत तिच्याकडून पावसाचा अंदाज घेणारे आपण तिच्यासाठी फाळ चार हात वळवून घ्यायला काय हरकत आहे? अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. तेवढा तुकडा नंतर नांगरता येतो.

काही गोष्टींना थोडा खर्च आहे, पण त्या टाळता येण्यासारख्या नाहीत. शेततळ्याचा कागद शेवाळानं बुळबुळीत होतो. उन्हाळ्यात पाण्यासाठी उतरलेल्या हरणाचे खूर त्यावर ठरत नाहीत. ते चढतं, घसरतं, पुन्हा चढतं आणि दमून बुडतं. अशा तळ्यांत माणसंही बुडाली आहेत. भोवती जाळी, आत गाठी मारलेले काथ्याचे दोर किंवा ओळीनं बांधलेले जुने टायर सोडले की चढून यायला आधार होतो. उघड्या विहिरीला कठडा हवा. आणि रानडुकरासाठी तारेत सोडलेला करंट तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला आलेला शेजारी त्याच तारेला चिकटतो.

आपल्या रानात रानजिवांना थारा देणारी माणसंही याच जिल्ह्यात आहेत. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांनी ‘सर्पराज्ञी’ उभी केली. तिथं जखमी आणि पोरक्या प्राणी-पक्ष्यांवर उपचार होतात आणि बरे झाले की त्यांना निसर्गात सोडलं जातं. त्यांनी कुणा दुसऱ्याच्या रानावर दया केली नाही, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे.

थारा देतानाही तारतम्य लागतं. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. कापूस वेचायला रानात पाऊल टाकण्याची धास्ती बसली. डिसेंबरात करमाळा तालुक्यात गोळी घालून तो प्रकार संपवावा लागला. ज्या घरचं माणूस गेलं त्याला सहजीवनाचं प्रवचन देण्याचा अधिकार कुणालाच नाही. म्हणून पाणवठा करायचा तर घर-गोठ्यापासून लांब करावा. मेलेलं जनावर ओढ्यात टाकू नये, कारण त्याच्यामागं कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या. वस्तीवरचा गोठा बंदिस्त हवा. हे भूतदयेच्या विरुद्ध नाही. दोघांच्याही जिवाची ती काळजी आहे.

आता त्या कागदाबद्दल. मोर राष्ट्राचा, पण त्याच्या जेवणाचा खर्च एकट्या पाटोद्याच्या शेतकऱ्याच्या माथी. काही वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर सरकारी भरपाईची तरतूद आहे. पंचनामा, अर्ज आणि कचेरीचे खेटे यांत ती इतकी झिजते की अनेकजण मागायलाच जात नाहीत. आणि मग तारेत करंट सोडला जातो. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळावी ही मागणी शेतकऱ्याच्या आधी प्राणिप्रेमींनी करायला हवी. मोराचे फोटो मोबाइलवर पाठवणाऱ्या किती जणांनी ती कधी केली आहे?

हा स्तंभ वाचणाऱ्या अनेकांचं नाव सातबाऱ्यावर आहे. ते स्वतः पुण्यात, संभाजीनगरात किंवा बीड शहरात राहतात आणि रान बटईनं दिलेलं असतं. त्यांच्यासाठी ही परीक्षा सोपी आहे. यंदा पाडव्याला बटईदाराशी बोलताना बांध न पेटवण्याची अट जरूर घाला. विहिरीला कठडा आणि शेततळ्यात दोर हवेत, हेही सांगा. पण त्याचा खर्च स्वतः करा. हरणानं कोपऱ्यातलं पीक खाल्लं तर तेवढं माप आपल्या वाट्यातून वजा धरा, त्याच्या नाही. आणि हे तोंडी ठेवू नका, लिहून द्या. बटईदाराचा विश्वास बसायला वेळ लागेल, कारण आजवर अटी मालकानं घातल्या आणि त्यांची किंमत बटईदारानं मोजली.