जेजुरीचा मानपान

लोकदैवतांविषयी लिहिताना 'समता' हा शब्द आपल्याकडे फार स्वस्तात वापरला जातो, आणि जेजुरीच्या खंडोबाला त्याचा उपसर्ग विशेष पोहोचला आहे. धनगर, रामोशी, कोकणचे कोळी, मराठे, ब्राह्मण, लिंगायत वाणी, इतकेच काय, त्याला मल्लूखान म्हणून ओळखणारे मुसलमानही ज्याच्या पायरीशी येतात, त्या देवाच्या दारी भेदाभेद उरला नाही, असे म्हटले की व्याख्यानात टाळ्या हमखास पडतात. परंतु गड चढताना डोळे उघडे ठेवणाऱ्यास तेथील देवळांची मांडणी काही निराळेच सांगते.

म्हाळसा ही नेवाशाच्या वाण्याची कन्या. तिचा विवाह पालीस यथाविधी झाला आणि गाभाऱ्यात देवाच्या शेजारी तिचे स्थान निर्वेध आहे. बानाई चंदनपुरीच्या धनगराची. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेल्या देवाने बारा वर्षांचा वनवास पत्करला, धनगरवाड्यात चाकर म्हणून मेंढरे राखली, ती मारून पुन्हा उठवण्याचा चमत्कार करून बानाईला मिळवली, आणि तिला घेऊन तो जेजुरीस परतला तेव्हा दोघी सवतींत जो कलह पेटला, तो देवाचे भक्त वाघ्या-मुरळी जागरणात आजही मोठ्या चवीने गातात. या बखेड्याचा निवाडा गडावर दगडात नोंदला आहे : म्हाळसा वर देवाजवळ, बानाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर. मल्हारी-माहात्म्याच्या संस्कृत परंपरेला मणी-मल्ल या दैत्यांचा वध करणारा मार्तंडभैरव, म्हणजे हाच खंडोबा, पुरेसा होता; सवतींची ही कथा तिच्या कक्षेबाहेरची. पुढे म्हाळसा ही पार्वती आणि बानाई ही गंगा, असा शास्त्रसंमत खुलासा झाला खरा, पण गंगा मस्तकावर असते, बानाई पायथ्याच्या बाजूस राहिली, ही अडचण कोणी विचारात घेतलेली दिसत नाही.

तरीही हा निवाडा क्षुल्लक मानणे अन्यायाचे होईल. ज्या समाजात धनगराचा मान बेताचाच होता, तेथे त्याच्या लेकीला देवाची पत्नी म्हणून स्वतंत्र देऊळ आणि स्वतंत्र पूजा मिळावी, ही दया नव्हे, वतनासारखा हक्क होय. वतनाचा धर्म असा की, ते लहान असले तरी कोणाच्या मर्जीने काढून घेता येत नाही. सोमवती अमावास्येस पालखी कऱ्हेच्या स्नानाला निघते, दसऱ्याच्या रात्री जेजुरगड आणि कडेपठार येथील पालख्यांची भेट होते, माघी पौर्णिमेस शिखरकाठ्या नाचत येतात; या प्रत्येक प्रसंगी कोणी खांदा द्यायचा, कोणाची काठी कळसाला केव्हा टेकायची, हा दस्तूर भाविक जिवापाड जपतात. मारलेल्या मणीलाही देवाच्या सान्निध्यात जागा मिळाली आणि मल्लाचे नाव तर देवाच्याच नावात गेले. शत्रूलाही हिस्सा देणारी ही व्यवस्था उदार आहे, यात संशय नाही. पण हिस्से समान आहेत, असे तिने कधी म्हटलेले नाही, आपण तिच्या तोंडी ते घालतो.

आणि या मानपानाच्या तळाशी मुरळी होती. नवसापोटी अज्ञान वयात देवाशी लग्न लावलेली ही मुलगी पुढे गावोगाव देवाचे गाणे गात फिरे, आणि तिच्या देहावर कोणाचा हक्क चाले हे सर्वांस ठाऊक असे. भंडारा उधळणाऱ्या गर्दीने तिला देवाची म्हटले, म्हणून तिचे हाल देवाच्या खाती जमा झाले. या चालीविरुद्ध 'सोमवंशीय मित्र' या पत्राचे संपादक शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच आवाज उठवला; मुली देवाला वाहण्यास मुंबई इलाख्यात कायद्याने बंदी झाली ती 1934 साली. बानाईला अर्धा गड देणाऱ्या परंपरेला मुरळीसाठी आपल्या भांडारातून काहीच काढून देता आले नाही, तो न्याय बाहेरून आणावा लागला. जेजुरीच्या समतेवर पुढचे व्याख्यान देणाऱ्याने निदान एवढा हिशेब श्रोत्यांपुढे ठेवावा.