उपवासाला आरोग्याचा दाखला

परभणी–परळी लोहमार्गावरील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या मंदिरासाठी ओळखले जाते, आणि ही ओळख इतकी पक्की आहे की तेथील रेल्वेस्थानकाच्या नावातही देवाचे नाव आले आहे. नृसिंहजयंती वैशाख शुद्ध चतुर्दशीला येते. अवतार सायंकाळी प्रकट झाला या श्रद्धेमुळे दिवसभर उपवास, प्रदोषकाळी पूजा आणि दुसऱ्या दिवशी पारणे असा या व्रताचा क्रम असतो. मराठवाड्यात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि अशा उन्हात वृद्धांनी, गरोदर स्त्रियांनी व मधुमेहींनी उपाशी राहू नये असे कोणताही डॉक्टर सांगेल. येथे आरोग्याचा सल्ला आणि कुळाची रीत समोरासमोर उभी राहतात. हा पेच जुना आहे. त्यावरचे एक उत्तर मात्र नवे आहे, आणि ते असे की दोघांत मुळी विरोधच नाही, कारण पूर्वजांनी उपवास सांगितला तो आरोग्यासाठीच. हे उत्तर श्रद्धाळू मनाला दिलासा देणारे असले तरी श्रद्धेच्या दृष्टीने ते घातक आहे.

ते का, हे समजण्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. पथ्य म्हणजे वैद्याने विशिष्ट रोग्याला, विशिष्ट काळापुरता घालून दिलेला आहारनियम. त्याचे बंधन सशर्त असते, कारण बरे व्हायचे असेल तरच ते पाळायचे असते. कुळाचार म्हणजे घराण्यात चालत आलेली रीत, जी माणूस निवडत नाही, ज्या घरात तो जन्मतो त्या घराबरोबर ती त्याच्या वाट्याला येते. व्रत या दोन्हींहून निराळे आहे, कारण त्याचा प्राण संकल्पात, म्हणजे करणाऱ्याने स्वतः उच्चारलेल्या निश्चयात असतो, आणि संकल्प दुसऱ्याच्या वतीने आपल्या मनाने सोडता येत नाही. आयुर्वेदाने आपले क्षेत्र धर्मशास्त्राहून वेगळे राखले होते, याचा पुरावा चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी या 27व्या अध्यायात मिळतो. तेथे मांसाच्या अनेक प्रकारांचे गुणदोष सांगितले आहेत, आणि त्यांपैकी कित्येक प्रकार धर्मशास्त्राने निषिद्ध मानलेले आहेत. कोणता पदार्थ शरीरात काय करतो हे सांगणे वैद्याचे काम होते आणि तो खावा की नाही हा प्रश्न दुसऱ्या शास्त्राचा होता, ही विभागणी त्या काळच्या विद्वानांना अडचणीची वाटली नाही.

कर्मकांडाच्या वाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेने ही विभागणी अधिक काटेकोर केली. मीमांसकांच्या मते कर्माचे फळ दृष्ट म्हणजे डोळ्यांना दिसणारे असते किंवा अदृष्ट असते, आणि जेथे दृष्ट फळ मिळते तेथे अदृष्टाची कल्पना करू नये असा त्यांचा दंडक आहे. हा दंडक उपवासाला लावला तर परिणाम गंभीर होतो, कारण एकादशीचे प्रयोजन पचनसंस्थेला विश्रांती हेच असेल, तर ती विश्रांती मंगळवारी घेतली तरी चालते, लंघन करून घेतली तरी चालते, आणि एखाद्या प्रकृतीला ती अपायकारक ठरली तर एकादशी त्या माणसापुरती संपते. योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली पेशींच्या आत्मभक्षणाच्या प्रक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा एकादशी विज्ञानाने सिद्ध केली असा आनंद अनेकांनी व्यक्त केला. ओसुमी यांचे मूळ प्रयोग यीस्टच्या पेशींवर होते आणि चांद्रमासातील अकराव्या तिथीशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण तो संबंध असता तरीही श्रद्धेच्या पदरात काही पडले नसते, कारण जो दाखला प्रयोगशाळेतून मिळतो तो प्रयोगशाळेतूनच रद्दही होतो.

यावर मीमांसेतूनच एक आक्षेप घेता येतो, आणि तो वजनदार आहे. यज्ञासाठी भाताचा तूस काढायचा तर तो कांडूनच काढावा असा विधी आहे. तूस निघणे हे दृष्ट फळ आहे आणि ते नखांनी सोलूनही साधता येते, तरी कांडण्याचाच जो नियम केला त्यातून अदृष्ट फळ निर्माण होते असे मीमांसक मानतात. त्याच न्यायाने उपवासाला आरोग्याचा लाभ असूनही धार्मिक अर्थ उरू शकतो. हे मान्य करावेच लागते, परंतु मग तो अर्थ नियमावर, म्हणजे त्या तिथीला, त्या देवतेसाठी, त्या रीतीने स्वतःला आवरण्यावर उभा असतो; पचनाच्या लाभाने तो वाढत नाही आणि त्या लाभाच्या अभावाने घटत नाही.

उपवासाच्या ताटाकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा बनतो तो कसावा ही सगळी अमेरिका खंडातील पिके असून पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी ती या भूमीत नव्हती, म्हणून कोणत्याही प्राचीन ऋषीने त्यांना अनुमती दिलेली असणे शक्य नाही. त्यांना उपवासात घेतले ते लोकाचाराने. परभणीच्या काळ्या जमिनीतील ज्वारी, जिच्यातील लोह व जस्ताचे प्रमाण वाढवून तेथील कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या सहकार्याने 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ हे वाण दिले, ती मात्र धान्य म्हणून एकादशीला वर्ज्य ठरते, आणि तिच्याच तृणकुळातील भगर चालते. या भेदाला पोषणाच्या भाषेत समर्थन नाही, आणि ते शोधण्याची गरजही नाही. गरज आहे ती वेगळ्याच दक्षतेची: फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेड जिल्ह्यातील कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमातील भगरीच्या महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार लोक आजारी पडले. भगर जुनी किंवा बुरशीची नसावी, ती स्वच्छ करून ताजी शिजवावी, हा सल्ला व्रताला बाधक नाही. तो न ऐकणे ही निष्ठाही नव्हे.

परंपरा स्वतः या बाबतीत तिच्या आजच्या कैवाऱ्यांपेक्षा उदार होती. महाभारतात आणि त्याच्या आधारे पुढच्या निबंधग्रंथांत, म्हणजे धर्मवचनांचे संकलन करून निर्णय देणाऱ्या ग्रंथांत, ज्यांनी व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, मुळे, फळे, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. एकादशीचे बंधनही आठ वर्षांवरील आणि ऐंशी वर्षांखालील माणसालाच सांगितले आहे. वैशाखातल्या दुपारी पाणी पिणारी आणि वेळेवर गोळी घेणारी वृद्ध स्त्री व्रतभंग करत नाही, हे तिला सांगायला पाश्चात्त्य वैद्यकाची साक्ष काढावी लागत नाही, आणि हे तिला कोणी सांगत नाही ही खेदाची गोष्ट आहे.

खरा कठीण प्रश्न पुढेच आहे, आणि तो दुसऱ्याच्या ताटाचा आहे. 1902 मध्ये मुंबईत गांधीजींचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने अत्यवस्थ असताना पारशी डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचा रस्सा सुचवला आणि गांधीजींनी तो नाकारला. मुलाने होकार दिला, पण दहा वर्षांच्या मुलाचा वडिलांपुढचा होकार कितपत त्याचा स्वतःचा असतो ही शंका उरतेच. पुढे दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांना गोमांसाचा रस्सा देण्याचा प्रश्न आला, तेव्हा त्यांच्यावर आपले बंधन नाही असे गांधीजींनी सांगितल्यावरही त्यांनी तो स्वतःहून नाकारला. एकाच घरातील या दोन नकारांत व्रत म्हणता येईल असा नकार दुसराच आहे.

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळी किंवा अन्य फळ, देण्याचे ठरवले, तेव्हा वारकरी व जैन समाजातील काही मंडळींनी विरोध केला, आणि जानेवारी 2025 मध्ये अंड्यांसाठीचा शासकीय निधी थांबवून ती ऐच्छिक व लोकसहभागावर सोडण्यात आली. माळ घातलेल्या घरातील मुलाच्या पानात अंडे पडू नये ही मागणी सर्वस्वी न्याय्य होती आणि फळाच्या पर्यायाने ती पूर्ण होत होती. शेजारी बसलेल्या, घरी अंडे खाणाऱ्या मुलाचेही अंडे जावे ही मागणी मात्र दुसऱ्याच्या नावाने सोडलेला संकल्प आहे. उलट बाजूची चूकही तितकीच खरी आहे. इंग्लंडमध्ये रॉदरहॅमजवळच्या रॉमार्श गावी 2006 साली शाळेने आरोग्यदायी जेवण सक्तीचे केल्यावर काही आयांनी कुंपणावरून मुलांना बर्गर पोहोचवले, आणि देशभर त्यांची जी निर्भर्त्सना झाली तिच्यात मुलांच्या पोषणाच्या काळजीइतकाच कष्टकरी वर्गाच्या जेवणाविषयीचा तिटकारा होता. पथ्याने पापाची भाषा घेतली की डॉक्टर धर्मगुरू होतो आणि रोगी अपराधी ठरतो. मराठवाड्यात साखर वाढलेल्या माणसाला पुरणपोळीच्या नैवेद्यावरून जे ऐकावे लागते त्यातही हेच घडत असते, आणि तो नैवेद्य चिमूटभर प्रसाद म्हणून घेऊन बाकीचा वाटून टाकण्याची मुभा कुळाचारात पूर्वीपासून आहे.