ओव्हरी काढल्या असतील तर

चि. बाळ हिस,

अडतिसाव्या वर्षी तुझं ऑपरेशन झालं. आता रात्री अंगातून वाफा निघतात, अंथरूण घामानं भिजतं, नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की आग होते. घरातले मात्र म्हणतात, पाळीची कटकट गेली, आता कसली तक्रार? आधी डिस्चार्ज कार्ड काढ. नुसती गर्भपिशवी काढली की दोन्ही ओव्हरीही, ते त्यावर लिहिलेलं असतं. ओव्हरी गेल्या असतील तर त्यांतून मिळणाऱ्या इस्ट्रोजेनबद्दल तू स्वतःहून डॉक्टरांना विचार. कुणी सुचवण्याची वाट पाहू नकोस.

बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या ऐन उमेदीत काढल्याचं २०१९ साली गाजलं. किती जणींच्या काढल्या, यावर पुष्कळ बोललं गेलं; ओव्हरीही गेल्या असतील तर त्या बायकांची हाडं पुढं कशी टिकायची, यावर फार थोडं. मला त्याची अजून चीड येते.

इस्ट्रोजेन पेशीत शिरतं, तिथल्या ठरावीक प्रथिनाला चिकटतं आणि काही जनुकं चालू करतं, काही थांबवतं. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र, योनीचं अस्तर, हाडं, सगळीकडे त्याचं काम असतं. हाड रोज झिजतं, रोज भरतं; इस्ट्रोजेन त्या झिजेला आवर घालतं. ओव्हरी गेल्या की हा आवर एका दिवसात सुटतो.

शेजारीण म्हणाली म्हणून माला-डी ही गर्भनिरोधक गोळी मात्र सुरू करू नकोस. आपल्या अंगातलं इस्ट्रॅडिऑल गिळलं, तर यकृत त्यातलं बहुतेक मोडून टाकतं. १९३८ साली बर्लिनमध्ये इनहॉफेन आणि होलवेग यांनी त्याला दोन कार्बनची जोड दिली आणि एथिनाइल इस्ट्रॅडिऑल तयार झालं. ते यकृताला सहज मोडता येत नाही, म्हणून माला-डीच्या गोळीत ३० मायक्रोग्रॅम पुरतं. पण त्यामुळेच यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवतं. मूल नको असलेल्या बाईसाठी ती गोळी चांगली आहे. तुझी गरज वेगळी. तुला बहुधा साधं इस्ट्रॅडिऑल देतील. तेही कारखान्यातच बनतं, पण रेणू अगदी आपल्या अंगातलाच. त्याचं जेल कातडीला चोळलं तर ते आधी यकृतात न जाता रक्तात मिसळतं आणि गुठळीची भीती कमी राहते.

अशा हार्मोनच्या औषधांनी कॅन्सर होतो ही भीती २००२ सालच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, आणि त्यांना दोन हार्मोन एकत्र दिली होती. गर्भपिशवी नसलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही; पक्षाघात मात्र वाढला. पिशवी शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर तिचं अस्तर वाढून तिथे कॅन्सर होऊ शकतो.

आजवर कधी पायात गुठळी, यकृताचं दुखणं, स्तनात गाठ झाली असेल तर लपवू नकोस. बीपी तपासून घे, हाडांच्या डेक्सा तपासणीबद्दलही विचार. औषध मानवलं तर साधारण पन्नाशीपर्यंत घ्यायचं असतं. वाफा थांबल्या म्हणून मध्येच सोडू नकोस. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठ.

तुझी,
मावशी